ढोल-ताशा वादकांचे श्रवणसंरक्षण

ढोल-ताशा वादकांचे श्रवणसंरक्षण म्हणजे ढोल, ताशा, हलगी, संबळ, झांज, टोल यांसारखी मोठ्या आवाजाची वाद्ये वाजवणाऱ्यांची श्रवणशक्ती त्यांच्याच वाद्यांच्या ध्वनीपासून राखण्यासाठी योजली जाणारी साधने व पद्धती होत. कानात बसवायचे इअरप्लग, कानांवरून घालायचे इअरमफ, खास वादकांसाठी तयार केलेली समघट गाळणीची साधने, सरावाच्या वेळेचे नियोजन आणि नियमित श्रवणचाचणी यांचा त्यात समावेश होतो. मोठ्या आवाजाने आलेले बहिरेपण औषधाने किंवा शस्त्रक्रियेने बरे होत नाही. मात्र ते जवळजवळ पूर्णपणे टाळता येते. म्हणून साधनाची योग्य निवड हा या विषयाचा केंद्रबिंदू आहे. वादकाला आवाज बंद करायचा नसतो. ताल, लय आणि सहवादकांचे इशारे स्पष्ट ऐकू यावेत, पण कानाला इजा होऊ नये, अशी त्याची दुहेरी गरज असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात तालवाद्यांचे वादन दोन वेगळ्या प्रवाहांत आढळते. पहिला प्रवाह शहरी पथकांचा आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग शाळा आणि त्यानंतर स्थापन झालेल्या अनेक संस्थांची पथके गणेशोत्सवात वादन करतात. त्यांत विद्यार्थी, नोकरदार, स्त्रिया व पुरुष असे हौशी वादक असतात. उत्सवापूर्वी दीड-दोन महिने नदीपात्रात किंवा मोकळ्या मैदानावर दररोज संध्याकाळी सराव चालतो. ढोल कमरेला बांधून एका बाजूला टिपरूने व दुसऱ्या बाजूला हाताने वाजवला जातो. ताशा गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवतात. झांज, टोल आणि ध्वज हे पथकाचे इतर घटक होत.

दुसरा प्रवाह पिढीजात वादकांचा आहे आणि तो मराठवाड्यात विशेष ठळकपणे दिसतो. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यात उमरगा तालुक्यातील मुरुम हे नगरपरिषदेचे गाव कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. या भागात लग्नाची वरात, गावची जत्रा, पोळा, गणेशोत्सव आणि नवरात्र यांत हलगी, संबळ, ढोल-ताशा आणि अलीकडे बँजो पार्टी यांचे वादन असते. याच जिल्ह्यातील तुळजापूर येथे तुळजाभवानीच्या उपासनेत संबळाला मानाचे स्थान आहे, तर नळदुर्ग व अणदूर येथील खंडोबाच्या उपासनेत वाघ्या-मुरळीची दिमडी वाजते. हलगीची परंपरा प्रामुख्याने मातंग समाजातील कलावंतांनी, तर संबळाची परंपरा गोंधळी समाजाने जपली आहे.

या दोन प्रवाहांतील वादकांचा धोका सारखा नसतो. शहरी पथकातील वादक वर्षातून दोन-अडीच महिने वाजवतो. पिढीजात वादक लगीनसराई, जत्रा आणि सणवार धरून वर्षाचा मोठा काळ वाजवतो आणि हे काम तो लहानपणापासून करीत आलेला असतो. त्याचे उत्पन्न वादनावर अवलंबून असल्याने कानाची इजा ही त्याच्यासाठी थेट उपजीविकेची हानी ठरते. असे असूनही श्रवणसंरक्षणाची साधने आणि तपासणीच्या सोयी प्रामुख्याने शहरांत उपलब्ध आहेत.

ध्वनी व कानाची हानी

बाह्यकर्णातून आलेला ध्वनी कर्णपटल व मध्यकर्णातील तीन हाडांमार्फत अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत पोहोचतो. तेथे प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. त्या कंपनांचे चेतासंदेशांत रूपांतर करतात. अतितीव्र ध्वनीने या पेशी थकतात, वाकतात आणि शेवटी मरतात. मानवी शरीरात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत.

वादनानंतर कान दडे बसल्यासारखे होणे किंवा कानात शिट्टीसारखा आवाज येणे ही तात्पुरत्या श्रवणघटीची लक्षणे आहेत. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ऐकू येणे पूर्ववत होते, त्यामुळे वादकाला इजा भरून निघाली असे वाटते. मात्र अशी घट वारंवार झाल्यास ती कायमची होते. प्राण्यांवरील संशोधनात असेही दिसून आले आहे की, चाचणीत श्रवण पूर्ववत झाल्यानंतरही रोमपेशी आणि चेतातंतू यांमधील जोडण्या कायमच्या तुटलेल्या असू शकतात.

ध्वनिजन्य बहिरेपणाची सुरुवात साधारणपणे ३,००० ते ६,००० हर्ट्झ या कंप्रतांपासून होते. श्रवणालेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास खाच दिसणे ही त्याची ओळख मानली जाते. आरंभी माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द नीट कळत नाहीत. विशेषतः ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने निसटतात. गर्दीत बोलणे समजणे अवघड जाते. पुढे कर्णनाद, म्हणजे बाहेर आवाज नसतानाही कानात सतत गुणगुण ऐकू येणे, आणि साध्या आवाजाचाही त्रास होणे अशा तक्रारी सुरू होऊ शकतात. मेटॅलिका या अमेरिकी रॉक समूहाचा ड्रमवादक लार्स उलरिख याने आपल्या कर्णनादाविषयी जाहीरपणे सांगितले आहे.

वाद्यांच्या रचनेमुळेही धोक्यात फरक पडतो. ढोलाचा ध्वनी खालच्या कंप्रतांचा असून तो छातीत जाणवतो. ताशा व हलगी यांचा ध्वनी तीक्ष्ण, वरच्या कंप्रतांचा आणि क्षणिक आघातांचा असतो. मानवी कर्णनलिका साधारण २,५०० ते ४,००० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनी नैसर्गिकरीत्या वाढवते. त्यामुळे ताशाचा कडकडाट कानाला अधिक घातक ठरतो. मोठा आवाज होताच मध्यकर्णातील स्नायू आकसून थोडे संरक्षण देतात, पण या क्रियेला काही मिलिसेकंद लागतात. तोवर आघाताचा पहिला ठोका आत पोहोचलेला असतो. हलगी बहुधा डाव्या हाताने शरीराजवळ धरली जात असल्याने एका कानाला अधिक ध्वनी मिळण्याची शक्यता असते.

ध्वनिपातळी व सुरक्षित काळ

ध्वनिपातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे लघुगणकीय माप आहे: ३ डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट, १० डेसिबलची वाढ म्हणजे दहापट. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा ध्वनी दिवसातून ८ तास ही मर्यादा आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबल वाढीला सुरक्षित काळ निम्मा होतो. त्यानुसार एका दिवसाची मर्यादा पुढीलप्रमाणे येते:

८५ डेसिबल – ८ तास
८८ डेसिबल – ४ तास
९१ डेसिबल – २ तास
९४ डेसिबल – १ तास
९७ डेसिबल – ३० मिनिटे
१०० डेसिबल – १५ मिनिटे
१०३ डेसिबल – साडेसात मिनिटे
१०६ डेसिबल – सुमारे पावणेचार मिनिटे
१०९ डेसिबल – दोन मिनिटांहून कमी

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) विद्यार्थी गेली अनेक वर्षे विसर्जन मिरवणुकीच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावरील चौकांत ध्वनिपातळी नोंदवतात. २०२२ व २०२३ च्या मिरवणुकांत ही सरासरी १०० डेसिबलच्या वर गेली होती. त्यात ढोल-ताशांबरोबर ध्वनिवर्धकांचाही वाटा असतो. ही नोंद रस्त्याच्या कडेची असते, तर वादकाचा कान वाद्यापासून जेमतेम हातभर अंतरावर असतो.

दररोज दोन तासांचा सराव १०० डेसिबल पातळीवर झाला, तर वादकाला एका संध्याकाळी दिवसभराच्या मर्यादेच्या आठपट मात्रा मिळते. विसर्जनाची मिरवणूक एका दिवसाची असते. सराव चाळीस-पन्नास दिवसांचा असतो. त्यामुळे केवळ मिरवणुकीच्या दिवशी इअरप्लग घालणे पुरेसे ठरत नाही.

वादकांची संख्या व वैयक्तिक धोका यांचा संबंध समजून घेणेही आवश्यक आहे. समान आवाजाची वाद्ये दुप्पट केल्यास एकूण पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. वादकाच्या कानाशी त्याचे स्वतःचे आणि शेजारच्या दोन-तीन जणांचे वाद्यच वरचढ असते. त्यामुळे पथक लहान केल्याने रस्त्यावरील नागरिकांचा त्रास काहीसा कमी झाला, तरी ताशावादकाच्या कानाचे रक्षण होत नाही.

साधनांचे प्रकार

कापसाचा बोळा: ग्रामीण भागात आणि पथकांतही सर्वांत जास्त वापरला जाणारा हा उपाय सर्वांत दुबळा आहे. कापसातून हवा आणि तिच्याबरोबर ध्वनी जातो. मिळणारी घट काही डेसिबलांचीच असते आणि खालच्या कंप्रतांना ती जवळजवळ शून्य असते. तेलात बुडवलेला बोळाही भरवशाचा नाही. कापूस घातल्यामुळे वादक निश्चिंत होऊन अधिक वेळ वाजवतो, हा त्याचा मोठा तोटा आहे.

फोमचे इअरप्लग: बोटांनी बारीक वळून कानात घातल्यावर हे फुगतात आणि कर्णनलिका बंद करतात. किंमत कमी आणि घट भरपूर असते. मात्र ते वरच्या कंप्रता अधिक आणि खालच्या कमी प्रमाणात अडवतात. त्यामुळे ताशा दबल्यासारखा आणि ढोल घुमल्यासारखा ऐकू येतो. घाम, धूळ व गुलाल यांनी ते लवकर खराब होतात.

पाकळ्यांचे सिलिकॉन इअरप्लग: यांना दोन किंवा तीन चकत्या असतात. ते धुऊन पुन्हा वापरता येतात. दोरीने जोडलेला प्रकार मिरवणुकीत सोयीचा असतो, कारण प्लग निसटला तरी हरवत नाही.

समघट गाळणीचे इअरप्लग: यांत सूक्ष्म ध्वनिगाळणी बसवलेली असते. ती सर्व कंप्रता जवळपास सारख्या प्रमाणात कमी करते. परिणामी वाद्यांचा परस्पर तोल तसाच राहतो आणि संगीत फक्त हळू झाल्यासारखे वाटते. तयार मापाचे आणि कानाचा साचा घेऊन बनवलेले असे दोन प्रकार मिळतात. साच्याच्या प्रकारात ९, १५ किंवा २५ डेसिबलची गाळणी बदलून बसवता येते. साचा श्रवणतज्ज्ञाकडून घ्यावा लागतो आणि खर्च अधिक येतो.

इअरमफ: दोन्ही कान बाहेरून झाकणारे हे साधन घालायला सोपे आहे. फेटा, टोपी, चष्मा किंवा लांब केस यांमुळे त्याच्या गादीखाली फट राहिल्यास घट कमी होते. उन्हात व घामात ते दीर्घकाळ घालणे त्रासदायक होते. सराव आणि लहान मुले यांसाठी ते उपयुक्त आहे.

कानातील मॉनिटर: रंगमंचावर ड्रमसंच किंवा ऑक्टोपॅड वाजवणारे वादक कानात बसणारे मॉनिटर वापरतात. ते बाहेरचा आवाज अडवतात आणि संगीत आत पोहोचवतात. त्यातील आवाज वाढवत नेल्यास तेच इजेचे कारण बनते.

मूल्यांक आणि प्रत्यक्ष घट

साधनाच्या वेष्टनावर घटीचा मूल्यांक छापलेला असतो. अमेरिकी पद्धतीत त्याला एनआरआर आणि युरोपीय पद्धतीत एसएनआर म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ९१६७ हे मानक कर्णसंरक्षकांसाठी आहे. हे मूल्यांक प्रयोगशाळेत काळजीपूर्वक बसवलेल्या साधनांवर काढलेले असतात. प्रत्यक्षात मिळणारी घट बरीच कमी असते.

सावध अंदाजासाठी एनआरआरमधून ७ वजा करून उरलेल्या संख्येची निम्मी किंमत धरण्याची पद्धत प्रचलित आहे. उदाहरणार्थ, ३३ मूल्यांकाच्या फोम प्लगपासून (३३ − ७) ÷ २ = १३ डेसिबल एवढीच घट गृहीत धरावी. हा नियम साधन नीट न बसवणाऱ्या सर्वसामान्य वापरकर्त्यांना समोर ठेवून केलेला आहे. कानाच्या साच्यावर बनवलेल्या साधनाची घट प्रत्यक्ष मोजता येते आणि ती बहुधा छापील आकड्याजवळ असते. म्हणून मोठा आकडा असलेले साधन उत्तम, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

साधन किती काळ कानात राहते, यालाही तितकेच महत्त्व आहे. समजा, ३० डेसिबल घट देणारा प्लग एका तासाच्या वादनात सहा मिनिटे काढून ठेवला. तेवढ्या वेळात कानाला मिळणारी ऊर्जा उरलेल्या चोपन्न मिनिटांपेक्षा शंभरपटीहून अधिक असते. परिणामी त्या तासाची सरासरी घट केवळ १० डेसिबल उरते. अर्धा तास काढून ठेवल्यास ती ३ डेसिबलवर येते. त्यामुळे सतत घालता येईल असे मध्यम घटीचे साधन, वारंवार काढावे लागणाऱ्या जाड साधनापेक्षा अधिक संरक्षण देते.

निवडीचे निकष

निवड करताना प्रथम ध्वनिपातळी व वादनाचा काळ विचारात घेतात. मोबाइलवरील ध्वनिमापक अ‍ॅप ढोबळ अंदाज देतात. फार मोठ्या आवाजात मोबाइलचा मायक्रोफोन अपुरा पडतो. हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर पातळी ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजावे.

उदाहरणार्थ, ताशावादकाच्या कानाशी १०३ डेसिबल पातळी आहे आणि मिरवणूक तीन तासांची आहे. तीन तासांसाठी सुरक्षित मर्यादा सुमारे ८९ डेसिबल येते. म्हणजे किमान १४ डेसिबल घट हवी. नीट बसलेले १५ डेसिबलचे समघट साधन त्याला जेमतेम पुरते. पातळी ११० डेसिबल असल्यास २१ डेसिबल घट लागते आणि २५ डेसिबलची गाळणी किंवा योग्य रीतीने बसवलेला फोम प्लग निवडावा लागतो.

दुसरीकडे, गरजेपेक्षा जास्त घटही टाळावी लागते. युरोपीय मार्गदर्शक मानकानुसार साधन घातल्यावर कानाशी ७० डेसिबलपेक्षा कमी पातळी उरल्यास ते अतिसंरक्षण मानले जाते. अशा वेळी वादकाला ताशाचे इशारे, प्रमुखाची शिट्टी किंवा मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज कळत नाही. स्वतःचे वाद्य ऐकू न आल्याने तो अधिक जोराने वाजवू लागतो किंवा वैतागून प्लग काढून टाकतो.

वाद्यांनुसार सर्वसाधारण निवड अशी करता येते:

ताशा व हलगी: वरच्या कंप्रतांचे तीक्ष्ण आघात आणि कानापासूनचे कमी अंतर यांमुळे सर्वाधिक घट आवश्यक असते. बोटांचे बारीक काम ऐकू यावे म्हणून शक्य तेथे समघट गाळणीचा प्लग वापरावा.

ढोल: मध्यम घटीचे साधन साधारणपणे पुरते, परंतु ताशाच्या रांगेलगत उभ्या असलेल्या ढोलवादकाने ताशावादकाइतकेच संरक्षण घ्यावे.

झांज व टोल: धातूचा ध्वनी लांबवर घुमतो आणि झांज अनेकदा डोक्याच्या उंचीवर वाजवली जाते. फोम किंवा २५ डेसिबलची गाळणी योग्य ठरते.

संबळ: वादनाबरोबर गायन व संवाद असल्याने कमी घटीचे समघट साधन सोयीचे असते.

ध्वजधारी व स्वयंसेवक: हे वाजवत नसले तरी तितकाच वेळ पथकात असतात. त्यांच्यासाठी साधे फोम प्लग पुरेसे आहेत.

अतिशय मोठ्या आवाजात प्लगवर इअरमफ घालता येतो. मात्र दोन साधनांच्या घटीची बेरीज होत नाही. अधिक घट देणाऱ्या साधनात साधारण ५ ते १० डेसिबलची भर पडते. कारण काही ध्वनी कवटीच्या हाडांमार्फत थेट अंतर्कर्णात पोहोचतो.

वापर व निगा

फोम प्लग घालण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. प्लग बोटांत वळून शक्य तितका बारीक करावा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, म्हणजे कर्णनलिका सरळ होते. प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत, सुमारे २० ते ३० सेकंद, बोटाने धरून ठेवावा. नीट बसलेला प्लग समोरून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही. दोन्ही तळव्यांनी कान झाकल्यावर बाहेरचा आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग सैल बसला आहे असे समजावे.

प्लग घातल्यावर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. उथळ बसलेल्या प्लगमध्ये हा परिणाम अधिक असतो, खोल बसवल्यास कमी होतो. सवय होण्यास काही दिवस लागत असल्याने हंगामाच्या पहिल्या सरावापासूनच साधन वापरावे. मिरवणुकीच्या दिवशी प्रथमच घातलेला प्लग बहुधा खिशात जातो.

फोम प्लग एकदा किंवा मोजक्या वेळा वापरून टाकून द्यावेत. सिलिकॉनचे प्लग कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावेत. गाळणी असल्यास ती आधी काढावी. दुसऱ्याचे प्लग वापरू नयेत. कान वाहत असल्यास, कर्णपटलाला छिद्र असल्यास किंवा कानात वेदना असल्यास प्लग घालू नयेत. अशा वेळी इअरमफ वापरून कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. कानातील मळ काडीने काढण्याचा प्रयत्न केल्यास तो आत ढकलला जातो.

इतर उपाय

साधनाबरोबरच मूळ ध्वनी व वेळ कमी करणे महत्त्वाचे आहे. बंदिस्त सभागृहापेक्षा मोकळ्या मैदानात सराव केल्यास भिंतींवरून परतणारा ध्वनी टळतो. नवीन ताल शिकताना ताशावर जाड कापड टाकून किंवा रबरी पट्टीवर सराव करता येतो. पूर्ण आवाजातील वादन शेवटच्या टप्प्यासाठी राखता येते. रांगांमधील अंतर वाढवणे, ताशावादकांच्या जागा आळीपाळीने बदलणे आणि दर अर्ध्या तासाने शांत जागी विश्रांती घेणे यांमुळे मात्रा घटते. मोकळ्या जागेत एखाद्या ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केल्यास पातळी सुमारे ६ डेसिबलने कमी होते. मोठ्या सरावानंतर त्याच रात्री इअरफोनवर मोठ्याने गाणी ऐकणे टाळावे, कारण कानाला विश्रांतीची गरज असते.

लहान मुले अनेकदा हौसेने पथकात किंवा वडिलांबरोबर वरातीत असतात. त्यांची कर्णनलिका अरुंद असल्याने प्रौढांचे प्लग नीट बसत नाहीत. मुलांच्या मापाचे इअरमफ अधिक सुरक्षित असतात. पिढीजात वादकांच्या घरातील मुलांना ध्वनीची मात्रा सर्वांत लवकर सुरू होत असल्याने त्यांच्याकडे विशेष लक्ष देणे आवश्यक ठरते.

श्रवणचाचणी

हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर दरवर्षी श्रवणालेख काढून घेणे हितावह असते. चाचणीपूर्वी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून दूर राहावे, अन्यथा तात्पुरती घट निकालात मिसळते. पहिला श्रवणालेख तुलनेसाठी जपून ठेवावा. कर्णनाद दोन दिवसांहून अधिक राहिल्यास किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागल्यास तातडीने तज्ज्ञाकडे जावे. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराचा लाभ पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो.

केंद्र शासनाचा बहिरेपण प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवणदोषांच्या क्षेत्रात प्रशिक्षण व सेवा देते. मुरुम परिसरातील वादकांना श्रवणतज्ज्ञाच्या सेवेसाठी सामान्यतः लातूर किंवा सोलापूर या मोठ्या शहरांकडे पाहावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती ‘श्रवणक्षीण’ आणि ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ‘बधिर’ या गटात मोडते. वरच्या कंप्रतांपुरती मर्यादित घट असलेला वादक त्रास होत असूनही या व्याख्येत बसेलच असे नाही.

कायदेशीर बाजू

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशी मानके आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक व वाद्ये वाजवण्यास मनाई असून, सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ध्वनिप्रदूषणाविषयी सविस्तर निर्देश दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने ढोल-ताशा-झांज पथकातील सदस्यसंख्येवर ३० ची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी तिला स्थगिती दिली.

हे सर्व नियम परिसरातील नागरिकांना केंद्रस्थानी ठेवतात. कारखान्यातील कामगारांसाठी कारखाने कायद्याखालील नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. मात्र वरातीत किंवा मिरवणुकीत वाजवणारा वादक कारखान्याचा कामगार नसल्याने त्याला तिचे संरक्षण मिळत नाही. परिणामी वादकाच्या कानाची जबाबदारी व्यवहारात त्याच्यावर आणि त्याच्या पथकावर येऊन पडते.

जागतिक स्तरावरील वाटचाल

कारखान्यांतील कामगारांसाठी फोमचे इअरप्लग १९७० च्या दशकात बाजारात आले. संगीतकारांची गरज लक्षात घेऊन अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञ मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्च या संस्थेने १९८८ मध्ये १५ डेसिबलची समघट गाळणी असलेले इअरप्लग आणले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे कॅथी पेक व डॉ. फ्लॅश गॉर्डन यांनी रॉक संगीतकारांमध्ये श्रवणजागृती करणारी ‘हिअर’ ही संस्था स्थापन केली.

ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या ध्वनिनियंत्रणाचे २००५ चे नियम संगीत व मनोरंजन क्षेत्राला एप्रिल २००८ पासून लागू झाले. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधील व्हायोलावादक ख्रिस्तोफर गोल्डशायडर यांना २०१२ मधील वाद्यवृंदाच्या तालमीत श्रवणाची इजा झाली. २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो मूलतः कायम ठेवला. कलेच्या निर्मितीसाठी आवाज आवश्यक असला तरी वादकाच्या कानाची काळजी घेण्याचे कर्तव्य संपत नाही, हे या खटल्यातून स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीतस्थळांसाठी जाहीर केलेल्या मानकात १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली असून श्रोत्यांना इअरप्लग व शांत जागा उपलब्ध करून देण्याची शिफारस केली आहे. दरवर्षी ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन म्हणून पाळला जातो.

गैरसमज

‘कानाला सवय होते’ ही समजूत चुकीची आहे. पूर्वीइतका त्रास जाणवत नसेल, तर श्रवणशक्तीच कमी झाली असण्याची शक्यता असते. ‘संगीताने कानाला इजा होत नाही’ हेही खरे नाही. रोमपेशींवर होणारा परिणाम ध्वनीची ऊर्जा व काळ यांवर ठरतो, त्याच्या गोडीवर नाही. ‘प्लग घातल्यास ताल चुकतो’ ही तक्रार जास्त घटीच्या किंवा नीट न बसलेल्या प्लगबाबत खरी असू शकते. योग्य समघट साधनाने मोठ्या आवाजातील गोंगाट कमी होऊन ताशाचे बोल उलट अधिक सुटे ऐकू येतात, असा अनुभव अनेक वादकांना येतो. ढोलाचा ठोका शरीराला कंपनांतूनही जाणवत असल्याने लय धरून ठेवण्यास त्याचीही मदत होते.